परांचीशिवाय

थोरल्यांनी भाव सांगितला तेव्हा गिरणीवाला हसला. मोठ्यानं नाही, पिठानं पांढरी झालेली मिशी जरा हलली एवढंच. पण तिनं ते पाहिलं. हेही काम गेलं, असं तिला तिथंच कळून चुकलं.

ती धाकट्याची बायको. थोरले म्हणजे तिचे मोठे दीर. दोघे भाऊ घरं रंगवायचे. पूर्वी थोरले वर चढायचे आणि धाकटा खालून डबे द्यायचा. मग एकदा थोरले एका उंच छपराच्या कडेवरून घसरले, आणि कमरेचं हाड सांधलं ते वाकडंच. तेव्हापासून ते काठी घेऊन यायचे, भिंत बघायचे, भाव सांगायचे आणि घरी जाऊन ओट्यावर बसायचे. चढायचं काम धाकट्याकडे आलं. खरवडणं, रंग कालवणं आणि शिडी धरणं तिच्याकडे.

त्या वर्षी पीक कुणाच्याच हाताला लागलं नव्हतं. ज्याच्या घरात दाणा नाही तो भिंती कशाला रंगवतोय? दरवर्षी उन्हाचे दिवस लागले की माणसं उंबरा झिजवायची, यंदा कुत्रंही फिरकलं नाही. गावात पैसा खेळत होता तो एका गिरणीवाल्याकडे, कारण विकतचं धान्यही दळावं लागतंच. त्याचं दुमजली घर गिरणीला लागूनच होतं.

थोरल्यांनी ते घर तब्येतीनं पाहिलं. काठीनं भिंत ठोकून आवाज ऐकला. पोपड्याखाली नख घातलं, तसा हाताएवढा तुकडा सुटून पायाशी पडला. खिडकीखाली तळवा टेकवून बराच वेळ तसाच ठेवला.

"ओल आहे," ते म्हणाले. "आधी ही वाळवायची. जुना चुना सगळा खरवडायचा. भेगा भरायच्या, अस्तर द्यायचं, मग रंगाचे दोन हात. नुसता वरून रंग मारला तर वर्षात पुन्हा सोलेल."

"रंगाचा डबा मी आणतो ना," गिरणीवाला म्हणाला. "मग तुमचे पैसे कशाचे एवढे?"

"रंग काय, कुणीही आणील. पैसे रंगाच्या आधीचे."

मग ते मागे गेले. मागची भिंत पश्चिमेची. तिथं जमीन उतरत उतरत दगडी नाल्याकडे गेली होती, त्यामुळे पुढून दुमजली दिसणारं घर मागून तीन मजल्यांएवढं उंच होत होतं. वारा थेट अंगावर यायचा. थोरले मान वर करून उभे राहिले, ते खाली बघेचनात.

"इथं परांची लागेल," शेवटी ते म्हणाले. "बांबू, फळ्या, बांधणारी माणसं. त्याचे वेगळे."

"शिडी आहे की तुमच्याकडे."

"आहे. ही भिंत शिडीची नाही."

"रंग तोच, भिंत तीच," गिरणीवाला म्हणाला. "वर गेल्यावर भाव कसा काय चढतो?"

"माणूस चढतो म्हणून."

तेव्हाच तो हसला, आणि "बघू, सांगतो" म्हणून गिरणीत निघून गेला.

घरी परतताना धाकटा मुद्दाम पुढं पुढं चालत होता. थोरल्यांना भरभर चालता येत नसे, म्हणून ती दोघांच्या मध्ये, कुणापासूनच न तुटता चालत होती. ओढ्याच्या पुलावर धाकटा थांबला.

"दादा, एक बोलू? पडल्यापासून तू भीतीचा भाव लावतोस. माणसं पळून जातात."

थोरल्यांनी काठी बगलेत धरून कपाळाचा घाम पुसला.

"हो," ते म्हणाले. "लावतो."

एवढंच. मग ते काठी टेकत पूल उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी धाकटा एकटाच गिरणीवाल्याकडे गेला आणि आला तो शीळ वाजवत. काम मिळालं होतं. बयाणाही मिळाला होता, आणि त्यातून त्यानं येताना थोरल्यांसाठी तंबाखूची पुडी आणली होती.

"परांचीचं काय ठरलं?" थोरल्यांनी विचारलं.

"सगळं धरून ठरलंय," धाकटा म्हणाला आणि तोंड धुवायला मोरीकडे वळला. तोंडावर पाणी मारता मारता बोलणाऱ्या माणसाचं खोटं दिसत नाही, पण ती त्याच्याबरोबर बरीच वर्षं नांदलेली होती.

तिनं त्याला कामावर जाताना गाठलं. तिच्या डोक्यावर पाटी, पाटीत ब्रश, खरवडायचे पत्रे, फडकी, पुट्टीची पिशवी.

"अहो, परांची बांधणार आहेत ना?"

"परांचीचा खर्च आपल्या अंगावर आहे. म्हणजे नाहीच असं समज."

"मग मागची भिंत?"

"दोन शिड्या जोडू. एक दिवसाचं तर काम आहे."

"आणि दादा?"

"दादाला सांगायचं काही कारण नाही," तो म्हणाला. मग थोडा मऊ होऊन म्हणाला, "अगं, घरात काय आहे ते तुला माहीत नाही का? ओट्यावर बसून भाव सांगितला की पोट भरतं का?"

 चूल तिच्याच हातात होती. तिनं पाटी सावरली आणि ती चालू लागली.

आतलं काम सुरू झालं. खोल्या मोठ्या होत्या आणि चुन्याचे थर चढत चढत पुठ्ठ्यासारखे जाड झालेले. ती तोंडाला फडकं बांधून सकाळी खरवडायला लागे ती दुपारपर्यंत. धूळ पापण्यांत, नाकात, मानेच्या घडीत जाऊन बसे. चुन्यानं बोटांची टोकं तडकली होती आणि पुट्टी भरताना त्या भेगा झोंबून डोळ्यांत पाणी येई. धाकटा शिडीवर छताशी, ती खाली. 

गिरणीवाल्याची बायको घरात वाटेवाटेवर जुनी पोती टाकून ठेवायची आणि त्यांनी पोत्यावरूनच चालायचं असा दंडक होता. चुकून पाऊल बाहेर पडलं तर ती काही बोलायची नाही, फक्त ओलं फडकं घेऊन त्यांच्यामागून ते पुसत यायची. ते पुसणं बोलण्यापेक्षा वाईट वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांच्यादेखतच तिनं सगळ्या कपाटांना कुलपं लावली. पाणी मागितलं तर म्हणाली, "बाहेरच्या नळाला आहे की."

पण या सगळ्याचं धाकट्याच्या बायकोला काही वाटेनासं झालं होतं. तिच्या मनात दुसरंच काही घर करून बसलं होतं. ब्रश धुवायला मागच्या नळावर जावं लागे, आणि तिथं ती भिंत होती. ती मान खाली घालून ब्रश धुवायची आणि उठताना मात्र नजर आपसूक वर जायची. वरचा कोपरा, छपराची कड आणि त्याच्या पलीकडे रिकामं आभाळ. खाली नाल्यातले दगड. एकदा तिनं वरपासून खालपर्यंत नजर आणली. ती नळाशी तशीच बसून राहिली.

संध्याकाळी थोरले ओट्यावर वाट बघत असायचे. त्यांना कामाचं ऐकायचं असायचं. ओल कुठवर चढलीय, भेगा किती, अस्तर किती पितंय. ती सगळं खरं खरं सांगायची. मग ते विचारायचे, "बांबू कुणाकडून आणणार आहेत?"

"ठरवतायत," ती सांगायची.

"फळ्या नीट बघून घ्या म्हणावं. गाठीची फळी नको."

"सांगते."

ते तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघायचे आणि मग तंबाखू मळायला घ्यायचे. तिला वाटायचं, यांना कळलंय. मग वाटायचं, कळलं असतं तर बोलले नसते का? 

आतलं काम संपत आलं तशी तिला एक गोष्ट दिसू लागली. धाकटा काम वाढवत होता. एरवी हात चालवून मोकळा होणारा माणूस, आता कोपरे पुन्हा घासायला लागला. माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीला, जिथं गिरणीवाला वर्षातून एकदा जात असेल, त्यानं तिसरा हात मारला. मग एके दिवशी ती जेवणाचा डबा उघडून वाट बघत बसली तर हा मागच्या दाराला तेलरंग लावतोय.

"दार ठरलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"उगाच. बरं दिसेल."

त्याचा ब्रश दारावर खाली-वर, खाली-वर चालला होता.  आजवर तिला वाटत होतं की भ्यायची ती एकटीच. आता कळलं की घरात दोघं भ्यालेली आहेत, आणि वर चढणार आहे त्यांतलंच एक. 

त्याच दिवशी गिरणीवाला येऊन सगळ्या खोल्यांतून फिरला. त्यानं चांगलं म्हटलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. मग म्हणाला, "मागचं कधी घेताय? रंग उघडून ठेवलाय, साय धरेल."

"उद्या," धाकटा म्हणाला.

सकाळी वारा होता. फार नाही, पण झाडांचे शेंडे एका बाजूला कलून परत येत होते. धाकट्यानं दोन्ही शिड्या आडव्या घालून एकीवर एक चढवली आणि काथ्याची दोरी बादलीत भिजवून करकचून आवळली. पाय देऊन ओढताना त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. चार ठिकाणी बांधून त्यानं जोड हलवून पाहिला. हलला नाही.

"बघ," तो म्हणाला. "दगड झालाय दगड."

शिडी उभी करतानाच दोघांची दमछाक झाली. उतारामुळे शिडीचा एक पाय अधांतरी राहत होता, त्याखाली त्यानं चपटा दगड सारला. तिनं आपला उजवा पाय शिडीच्या पायाला लावला, दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरल्या आणि अंग रेटून उभी राहिली. तो चढायला लागला. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या टाचा होत्या, रंगानं पांढऱ्या, भेगाळलेल्या. मग टाचा वर गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. मग नुसती शिडी उरली, तिच्या हातांत श्वास घेतल्यासारखी हलणारी.

पहिली पट्टी झाली. तो उतरला, दोघांनी शिडी सरकवली. दुसरी पट्टीही झाली. तो उतरून पाणी प्यायला आणि त्याच्या तोंडावर जरा रंग आला. "उगाच भीत होतो," असं काहीतरी पुटपुटला. ऊन तोवर चांगलं तापलं होतं. वारा कोरडा, गरम झाला होता. तिसऱ्या वेळी शिडी बरोबर नाल्याच्या वर आली.

तो वर जाऊन थोडा वेळ झाला असेल. आधी आवाज आला, कर्र, जुनं दार उघडावं तसा. मग तिच्या हातांतली शिडी एकदम खाली दबली आणि थांबली. वरून डबा सुटला, भिंतीला आपटत आला आणि नाल्यात जाऊन फुटला. दगड पिवळे झाले.

"अगं," वरून आवाज आला. "सरकली का?"

तिनं मान वर केली. जोडावरची दोरी उन्हानं वाळून सैल पडली होती. वरची शिडी चार बोटं खाली आली होती आणि एक वेढा पायरीखालून निसटून लोंबत होता.

"हो," ती म्हणाली. "हलू नका."

"तू सोडू नकोस."

"नाही सोडत."

ती सोडू शकतच नव्हती. शिडी दबली तेव्हा खालचा चपटा दगड अर्धा निसटला होता, आणि आता तो पाय फक्त तिच्या पावलानं आणि तिच्या अंगाच्या रेट्यानं जागेवर होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं म्हणतात, तसली गत. ती ओरडली. "अहो, कुणी आहे का?" पुन्हा ओरडली. पण घराच्या त्या अंगाला गिरणी चालू होती, धडधड धडधड, आणि तिचा आवाज त्या धडधडीतच दळला जात होता.

"उतरता येतंय का बघा," ती म्हणाली. "हळू."

वर हालचाल झाली. शिडी थरथरली, दोरी पुन्हा करकरली. हालचाल थांबली.

"पाय लागत नाहीत," तो म्हणाला. "पाय ऐकत नाहीत माझे."

हा माणूस छपराच्या कडेवर पाय सोडून डबा खायचा. पावसाळ्यात लोकांची कौलं परतायला हसत जायचा. तिनं त्याचा असा आवाज कधीच ऐकला नव्हता. तो बारीक झाला होता, लहान मुलासारखा.   वरून रंगाचा एक थेंब येऊन तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडला. डोळा चुरचुरायला लागला, पण पुसायला हात नव्हता.

"बोल काहीतरी," तो वरून म्हणाला. "नुसती उभी राहू नकोस."

तिला काही सुचेना. डोकं धुऊन काढल्यासारखं रिकामं झालं होतं.

"साबण संपलाय घरातला," ती म्हणाली.

"कुठला?"

"कपड्याचा."

"मग?"

"आणायचाय."

"आणू." थोडा वेळ गेला. "अजून काय?"

"काडेपेटी. दादांच्या काठीचं रबर झिजलंय खालचं. ते मिळतं का बघायचंय."

"बघू. अजून?"

तिनं घरातल्या एकेका डब्याची आठवण काढली. मीठ आहे, तेल तळाला आहे. दिव्याची वात. खिडकीची कडी. ती बोलत राहिली आणि तो "हो", "बरं", "आणू" म्हणत राहिला. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. पावलाखालचा दगड जरा जरा सरकतोय असं तिला वाटत होतं, पण ते तिनं त्याला सांगितलं नाही. एकदा त्याचा "आणू" आला नाही. "अहो," तिनं हाक मारली. "अहो, ऐकताय ना?" बऱ्याच वेळानं आवाज आला, "ऐकतोय." तेवढ्या वेळात ती विधवा होऊन परत आली.

मागचं दार उघडलं ते असं बोलता बोलता. गिरणीवाल्याची बायको बाहेर आली आणि तिनं तिथं वाळत घातलेली चादर ओढून घेतली.

"हे बघा काय केलंत, सगळी चादर रंगाच्या थेंबांनी…" तिनं वर पाहिलं. पुढचं बोलणं तिच्या ओठांतच राहिलं.

"धरा," रंगाऱ्याची बायको म्हणाली. बाई नाही, ताई नाही. नुसतं धरा.

गिरणीवाल्याच्या बायकोनं चादर टाकली आणि शिडीला हात घातले. शिडीची थरथर तिच्या हातांत शिरली तसा तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"तुम्ही जाऊन माणसं आणा," ती पुटपुटली. "मी धरते."

"नको, तुम्हीच जा. मला सोडता येत नाही. पायाखाली दगड आहे."

गिरणीवाल्याची बायको धावत गेली. चपला तिथंच राहिल्या. जरा वेळानं गिरणीचा आवाज थांबला. इतका वेळ कानाला सवय झाली होती की आवाज थांबल्यावर सगळं जगच थांबल्यासारखं वाटलं. मग माणसं आली. गिरणीवाला, त्याचा गडी आणि दळण घेऊन आलेले दोघे. सगळे पांढरे, भुतांसारखे. त्यांनी शिडीला खांदे दिले. गड्यानं लांब बांबू आणून वरच्या शिडीला खालून टेकू लावला.

"या आता," गिरणीवाला ओरडला. "सावकाश या."

पण तो आला नाही. त्याला तिनंच उतरवलं. "डावा पाय खाली घ्या. अजून थोडा. लागला. आता उजवा." जोडाजवळ त्याचं पाऊल हवेत चाचपडत राहिलं, आंधळ्याच्या हातासारखं. सगळे श्वास रोखून बघत होते. "भिंतीकडे घ्या," ती म्हणाली. "भिंतीकडे." पाऊल पायरीला लागलं.

खाली येताच तो नळाजवळ मटकन बसला. त्याचे दात वाजत होते. आणि त्याची विजार ओली होती, मांड्यांपासून खाली. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा दळणवाले त्याच्याकडेच वळत होते. ब्रश धुवायची बादली शेजारी भरलेली होती. ती पुढं झाली आणि तिच्या पायानं बादली उलथली, सगळं रंगाचं पाणी त्याच्या अंगावर सांडलं.

"आंधळी झाले बाई मी," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं मान वर केली नाही.

गिरणीवाल्यानं स्वतः आतून पाणी आणून दिलं, घरातल्या पेल्यात. त्याची बायको अनवाणीच भिंतीला टेकून उभी होती.  मग गिरणीवाला म्हणाला, "निभावलं. दोरी जुनी असणार. आज राहू दे. उद्या नवी दोरी लावा, मी देतो."

धाकट्यानं मान हलवली. "लावतो," तो म्हणाला. दात अजून वाजतच होते.

"नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. भाव ठरवण्याच्या बोलण्यात ती कधी पडलेली नव्हती.

"परांची बांधली तर भिंत होईल. नाहीतर नाही."

"ते ठरलेलं नाही," गिरणीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "यांनी तोंडानं कबूल केलंय."

"त्यांनी चढायचं कबूल केलंय. धरायचं मी कबूल केलेलं नाही. मी धरणार नाही."

"मग राहिलेल्या भिंतीचे पैसे कापावे लागतील. आणि अर्धवट सोडल्याचे वर. मला दुसरा माणूस आणावा लागेल."

ती धाकट्याकडे बघत राहिली. तो ओल्या विजारीच्या घड्या नीट करत होता.  तिनं ब्रश गोळा केले, पाटी डोक्यावर घेतली. लांब शिडी न्यायचं त्राण दोघांतही नव्हतं. शिडी तिथंच भिंतीकडेला आडवी पडून राहिली.

घरी थोरले ओट्यावर होते. त्यांनी धाकट्याला भर दुपारी येताना पाहिलं, त्याच्या अंगावरचं पिवळं पाणी पाहिलं, आणि काठीवरची बोटं आवळली. तिनं सगळं सांगितलं. रोजचं खोटंही सांगितलं. सांगताना तिचा आवाज फुटला नाही, त्याचं तिलाच नवल वाटलं.

थोरल्यांनी काठी बाजूला ठेवली.

"दोरी ओली बांधली होतीस?" त्यांनी भावाला विचारलं.

"हो."

"हं." मग ते म्हणाले, "हात धुवा. जेवून घ्या आधी."

धाकटा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो कामाच्या शोधात निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. घरातल्या फळीवरचा डबा काढायला पाटावर चढायचा तर त्यानं भिंत धरली. ती चुलीपुढून बघत होती. तिला नवीच भीती चिकटली. घरात दोन पुरुष, एकाला चढता येत नाही आणि दुसऱ्याला चढवत नाही. शिडी धरायची नाही असं ती बोलून बसली होती खरी, पण आता धरायला शिडीवर माणूसच उरला नाही की काय? ती उगाच खरकटी भांडी पुन्हा घासत बसली.

काही दिवसांनी गिरणीवाल्याचा गडी निरोप घेऊन आला की तुमची शिडी अडचण करतेय, घेऊन जा. धाकटा उठला नाही. "मी आणते," ती म्हणाली. एकेक करून न्यावी लागणार होती, दोन खेपा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली.

गिरणीच्या अंगानं वळून ती मागे गेली आणि जागीच थबकली.

शिडी आडवी नव्हती. भिंतीला उभी होती. त्यांचीच शिडी, दोन जोडलेली, जोडावर नवीकोरी दोरी. वर, छपराच्या कडेशी, एक अनोळखी माणूस हात लांब करून रंग ओढत होता. खाली एक पोरसवदा बाई शिडी धरून उभी होती. डोक्याला फडकं, पाय शिडीच्या पायाला लावलेला. त्या दोघांचं बोचकं नळाजवळ ठेवलेलं होतं. कुठल्यातरी लांबच्या गावची माणसं असावीत.

पहिल्यांदा तिच्या अंगाची आग झाली. आमची भिंत. आमचे पैसे. आमचीच शिडी. ती तरातरा पुढं झाली.

"ही शिडी कुणी घ्यायला सांगितली?"

बाईनं मान वळवली, हात नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते. "मालकांनी. तुमची आहे का?"

"माझी आहे."

"हे उतरले की लगेच देते," ती बाई म्हणाली. "आत्ता… आत्ता नको."

"कितीला घेतलं?"

बाईनं आकडा सांगितला. धाकट्यानं कबूल केला होता त्याहूनही तो कमी होता.

वारा आला. वरच्या माणसाचा सदरा फुगला आणि शिडी भिंतीवर इकडून तिकडे किंचित घासली. त्या बाईनं डोळे मिटून घेतले आणि अंगानं शिडीला रेटा दिला. तिच्या पायाखाली तोच चपटा दगड होता. मानेवरून घामाचा ओघळ उतरत होता, आणि तो पुसायला तिच्याकडे हात नव्हता.

रंगाऱ्याची बायको तशीच उभी राहिली. तिला परत फिरता आलं असतं. शिडी उद्या नेता आली असती.  हे आपलं माणूस नाही, तिनं मनाला बजावलं. दोरीवर नजर गेली. दोरी कोरडी बांधली होती की ओली, ते खालून कळत नव्हतं.

तिनं चपला काढल्या. दुसऱ्या बाजूनं जाऊन शिडीला दोन्ही हात घातले आणि खांदा लावला. शिडीची थरथर ओळखीची होती.

त्या बाईनं डोळे उघडले. दोघींची तोंडं पायऱ्यांच्या फटीतून समोरासमोर आली होती, हाताच्या अंतरावर.

"तुम्ही कशाला…" ती म्हणाली.

"दगडावरून पाय काढू नका," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "तो निसटतो."

वरून ब्रश थांबला.

"खाली कोण बोलतंय?" माणसानं विचारलं. त्याचा आवाज बारीक होता. "कोण आहे गं?"

त्या बाईला उत्तर देता येईना. तिची हनुवटी हलत होती.

"दोघी आहोत," रंगाऱ्याची बायको वर बघत म्हणाली. "दोघींनी धरलंय. तुम्ही सावकाश या."